मगभर कोमट पाणी

सुट्टीच्या दिवसाची सकाळ निवडा. उन्हाळा असेल तर ऊन चढायच्या आत बसा. वऱ्हाडातल्या दारव्ह्यात वैशाखात नऊ वाजताच भिंती तापू लागतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उजेड समोरून येईल अशी खिडकीजवळची किंवा ओसरीवरची जागा बघा. तिथे आरसा, पंचा, ब्रश, साबण, रेझर आणि दाढीचा मग मांडून ठेवा. तो मग खरोखर जुना असेल, जुन्या घडणीचा नवा असेल, कान तुटलेला चिनी मातीचा कप असेल किंवा आजोबांची पितळी वाटी असेल, काहीही चालेल. अट एवढीच की ते भांडं दाढीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही.

पुढचं सावकाश वाचा. एक टप्पा वाचा, तेवढं करा, थोडं थांबा. त्यानंतरच पुढच्या टप्प्याकडे वळा.

रिकामं भांडं

मग दोन्ही हातांत धरा. अजून पाणी घालू नका.

आधी त्याचं वजन जाणवू द्या. चिनी मातीचा असेल तर त्याच्या भिंती चहाच्या कपापेक्षा जाड लागतील. ती जाडी कामाची आहे: एकदा तापली की आतला फेस बराच वेळ कोमट राहतो. पितळी वाटी झटकन तापते आणि झटकन निवते, म्हणून ती कढत पाण्याच्या गडव्याच्या तोंडावर ठेवायची. जुन्या विलायती मगांपैकी काहींना दोन कप्पे असत. खालच्या कप्प्यात गरम पाणी, त्यातच बाजूच्या रुंद तोंडातून ब्रश बुडवायचा. वरच्या कप्प्यात साबणाची वडी, आणि तिच्याखाली पाणी निथळायला भोकं. गडव्यावर ठेवलेली वाटी तेच काम करते.

आता अंगठा आतून तळावर फिरवा. चांगल्या मगाच्या तळाला उंचवटे किंवा वर्तुळाकार रेघा असतात. ब्रश त्यांवर घासला की हवा आणि पाणी साबणात मिसळतं. हा तळ एका विशिष्ट कामासाठी घडवलेला आहे. घडवणाऱ्याने आधी हात कसा फिरेल याचा विचार केला, आकार त्यानंतर दिला. तो माणूस तुम्हाला कधी भेटला नाही. तरी तुमचं मनगट कसं वळतं हे त्याला ठाऊक होतं. एवढ्यावर क्षणभर थांबा.

अशी भांडी आपल्याकडे कुठे सापडतात? बहुधा माळ्यावर, जुन्या पेटीत, नाहीतर भंगाराच्या दुकानात. वाटणी होते, घर पाडून नवं बांधलं जातं, तेव्हा पितळ मोडीत जातं. तिथे तराजू असतो आणि वाटीची किंमत वजनावर ठरते. तिच्या काठावर कोरलेलं नाव वजनात धरत नाहीत. त्या ढिगातून एखादी वाटी उचलून घरी आणणाऱ्या माणसाला लोक हौशी म्हणतात. पण पुण्याचे दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हेच केलं. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्रीसुद्धा गोळा केल्या. अल्पवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या त्या वस्तूंसमोर उभं राहिलं की उमगतं, रोजच्या वापरातल्या वस्तूवरही माणसाने किती जीव लावला होता. टाच घासायची वज्री तिच्यावर मोर बसवल्याने जास्त चांगली घासत नाही. तरी कुणीतरी मोर बसवला. रोजचं साधं काम देखणं व्हावं, असं त्याला वाटलं.

आपल्या वऱ्हाडात एका माणसाला तर भांड्यानेच नाव दिलं. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे जन्मलेले डेबूजी हातातल्या मातीच्या गाडग्यामुळे गाडगेबाबा झाले. जेवण त्यात, पाणी त्यात. एका भांड्यात मावेल तेवढंच त्यांनी स्वतःजवळ ठेवलं.

हातातलं भांडं रिकामं असतानाच स्वतःला विचारा: माझ्या घरात मी रोज हाताळतो अशा किती वस्तू आहेत, ज्या मी नीट पाहिलेल्या आहेत?

पाणी

आता मगात गरम पाणी ओता, काठाखाली दोन बोटं. त्यात ब्रश केसांपर्यंत बुडवा आणि तसाच राहू द्या.

मगात पाव-अर्धा लिटर पाणी मावतं. आजची दाढी तेवढ्यात करायची. बेसिनचा नळ उघडा सोडून दाढी केली तर तेवढं पाणी काही सेकंदांत वाहून जातं, आणि ते गेल्याचं कळतही नाही. मगातलं पाणी मात्र कमी होताना डोळ्यांना दिसतं. टँकरची वाट पाहिलेल्या, हंड्या-गुंड्यांच्या रांगा पाहिलेल्या जिल्ह्यात हे दिसणं महत्त्वाचं आहे. पाण्याचं माप हाताशी असलं की माणूस न सांगता जपून वापरतो.

पाणी कसं आहे तेही बघा. आपली जमीन काळ्या खडकावरची. बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड लागतं. डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरून ठेवतात, त्याचा चिकट पांढरा साका होतो. पाणी उकळलं की या क्षारांचा काही भाग तळाशी बसतो. म्हणून पाणी उकळून, थोडं निवू देऊन वरचंच घ्यावं. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी, पहिल्या सरी वाहून गेल्यावर, एका स्वच्छ बादलीत धरलं तर ते मऊ असतं. त्या पाण्याचा फेस एकदा अनुभवून बघा. आपल्या गावच्या जमिनीची आणि आभाळाची ओळख अशीही होते.

पंचा गरम पाण्यात भिजवून, पिळून चेहऱ्यावर ठेवा. दोन-तीन मिनिटं राहू द्या. दाढीचा कोरडा केस राठ असतो, तो पात्याला अडतो. तोच केस कोमट पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि फार कमी जोरात कापला जातो. मान थोडी मागे टेकवा. डोळे मिटा. या दोन मिनिटांत तुम्हाला काहीच करायचं नाही. काम पाणी करत आहे. आपण न ढकलताही काही कामं पुढे सरकतात, हे अंगाला कळू द्या.

फेस

पंचा बाजूला ठेवा. मगातलं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, ते पुढे लागेल. तळाशी चमचाभर राहू द्या. ब्रश हलकेच झटका आणि साबणावर फिरवायला लागा.

पहिल्या काही फेऱ्यांत मोठे बुडबुडे येतील. ते फुटतात. घाईतला माणूस तेवढ्यावर समाधान मानून चेहऱ्याला लावतो आणि अर्ध्या गालावर ते वाळून जातात. तुम्ही फिरवत राहा. ब्रशच्या टोकाने दोन थेंब पाणी घ्या, पुन्हा फिरवा. आवाज ऐका: सुरुवातीला खरखर, हळूहळू तो आवाज जाड आणि मऊ होत जातो. बुडबुडे इतके बारीक होतात की दिसेनासे होतात आणि फेस दह्यासारखा घट्ट होतो. आता तो ब्रशवर उभा राहील.

अंगाच्या साबणाला असा फेस येत नाही, त्याचं कारण आहे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं, आणि सोड्याबरोबर पोटॅशही वापरलेलं असतं. पोटॅशमुळे साबण लवकर विरघळतो आणि फेस ओला राहतो. स्टिअरिक आम्लामुळे तो दाट होतो, टिकतो. पातं कातडीवरून घसरत जावं म्हणून हा थर हवा. डब्यातला तयार फेस बोट दाबताच येतो, आणि तोही काम करतो. पण या मगातला फेस तुमच्या हाताने, तुमच्या गावच्या पाण्यात, तुमच्या देखत तयार झाला. किती पाणी, किती साबण, किती फेऱ्या, हे हळूहळू हाताला पाठ होतं. हे ज्ञान पुस्तकातून घेता येत नाही आणि कुणी हिरावूनही नेऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नेमानं न्हाव्याकडे जाणारे लोक दुकानात स्वतःचा मग ठेवत. भिंतीवर फडताळ, फडताळात ओळीने मग, आणि प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव. काहींवर त्याच्या धंद्याचं चित्रही असे: लोहाराची ऐरण, खाटकाचा सुरा, रेल्वेचं इंजिन. एकाच ब्रश-साबणाने सगळ्यांच्या दाढ्या केल्या तर चेहऱ्याचे चिघळणारे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातील, ही भीती त्यामागे होती. पुढे बाजार बदलला. किंग कॅम्प जिलेटच्या सेफ्टी रेझरची 1903 मध्ये जेमतेम 51 नगांची विक्री झाली होती; पुढच्याच वर्षी ती नव्वद हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या शिपायांना असे रेझर दिले आणि घरी परतलेले पुरुष स्वतःची दाढी स्वतः करू लागले. दुकानांतली फडताळं ओस पडली. आज संग्राहक ज्या मगांसाठी मोठ्या रकमा मोजतात, ते हेच.

त्या फडताळाची कल्पना करा. लोहाराचा मग आणि वकिलाचा मग एकाच फळीवर, त्याच आकाराचे, त्याच गरम पाण्याने भरले जाणारे.

आरसा

फेस चेहऱ्याला लावा. ब्रश गोल फिरवा, म्हणजे केस उभे राहतील. त्यानंतर आरशात बघा आणि काही क्षण रेझर उचलू नका.

अर्धा चेहरा पांढऱ्या थराखाली गेला आहे. उरलेत ते डोळे. रोज आपण आरशात केस, पुटकुळी, पिकलेला केस बघतो. डोळ्यांना डोळे भिडवून क्वचितच बघतो. आज बघा. तुमच्या वडिलांच्या डोळ्यांतलं काही दिसतं का? दिसलं तर दिसू द्या.

असं अवचित दिसण्याची एक कथा आहे. संत सेना महाराज जातीने आणि धंद्याने न्हावी. संतचरित्रकार महिपतींनी 1762 मध्ये लिहिलेल्या भक्तविजयात त्यांची कथा येते. सेना घरी पूजेत रमले होते आणि राजाचं बोलावणं आलं. ते गेले नाहीत; राजाचा कोप होणार हे दिसत होतं. तेव्हा विठ्ठलाने सेनांचं रूप घेतलं, धोकटी काखेत मारली आणि स्वतः राजवाड्यात गेला. राजाची सेवा चालू असताना राजाची नजर समोरच्या तेलाच्या वाटीत गेली. तिथे त्याला न्हाव्याच्या जागी चतुर्भुज रूप दिसलं. वर पाहावं तर सेना. वाटीत पाहावं तर देव. पुढे खरे सेना दरबारात आले, तेव्हा त्या वाटीत तसं काही दिसेना, आणि आपल्या जागी कोण राबून गेलं ते सेनांना कळलं.

ही कथा मनात फिरवा. देव दिसला तो गाभाऱ्यात दिसला नाही. कामाच्या भांड्यात दिसला, काम चालू असताना दिसला, आणि पाहणाऱ्याला दिसला तो सेवा करणाऱ्याच्या रूपाच्या जागी. राजा त्या माणसाकडे रोज पाहत असणार. त्या दिवशी त्याला तो पहिल्यांदा दिसला. सेनांनी आपल्या अभंगात धंद्याची हत्यारंच साधनेची केली: आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा. आपल्या हातातलं काम सोडून देव शोधायला जायची त्यांना गरज पडली नाही. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी गावोगाव साजरी होते, तेव्हा हे आठवावं.

धार

आता रेझर घ्या. दांडा टोकाकडे, हलक्या चिमटीत धरा. जोर देऊ नका. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. आधी सुलटा हात, केस ज्या दिशेने वाढले आहेत त्या दिशेने. कानशिलापासून खाली, एक छोटा पट्टा. पातं मगभर काढून ठेवलेल्या पाण्यात खंगाळा. पुढचा पट्टा.

गळ्याशी आलात की थांबा. हनुवटी वर करा. इथे कातडी पातळ आहे, आणि खाली ठोका जाणवतो.

स्वतःच्या हाताने दाढी करणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. गावातला माणूस ही जागा दुसऱ्याच्या हाती सोपवत असे. वस्तरा दगडावर आणि चामड्यावर लावला जाई, वाटीत पाणी घेतलं जाई आणि डोळे मिटून मान पुढे केली जाई. जगात फार थोड्या माणसांसमोर आपण असा गळा उघडा टाकतो. त्या विश्वासाच्या बदल्यात न्हाव्याला सुगीला बलुतं मिळे, वर्षाचं मोजून ठरलेलं धान्य. विश्वास मोठा, मोबदला तुटपुंजा आणि मान त्याहून कमी.

याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही पाहू. ज्यांना अस्पृश्य ठरवलं, त्यांच्या गालाला गावचा वस्तरा लागत नसे. आणि नवरा गेलेल्या बाईच्या डोक्याला मात्र, ती नको म्हणत असताना, तो लावला जाई. एक धार कुणाला नाकारली गेली आणि कुणावर लादली गेली, हे विसरून जुन्या वस्तूंवर प्रेम करता येत नाही. 1890 मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्यांनी तो खाली ठेवला. हत्यार चालवण्याचं कौशल्य मोठं, आणि ते कधी चालवायचं नाही हे कळणं त्याहून मोठं. वाटणी झालेल्या घरात, रागाच्या भरात, अधिकाराच्या खुर्चीवर, आपल्याही हाती धार येते. गळ्यावरचा हात जसा आत्ता हलका ठेवला आहे, तसा तिथेही ठेवता येतो का?

गळा पूर्ण करा. पुन्हा फेस लावा. उलटा हात हवाच असेल तर दुसऱ्या फेरीत, आणि कातडी हो म्हणेल तिथेच.

धुणं

थंड पाण्याने चेहरा धुवा. ओल्या गालावर तुरटी फिरवा. जिथे चुणचुणेल तिथे हात जड पडला होता. तुरटी ते सांगते, आणि रक्तही थांबवते. पंच्याने टिपून घ्या, घासू नका.

आता मगाकडे वळा. फेस शिल्लक ठेवू नका. ब्रश स्वच्छ पाण्यात खंगाळा, झटका आणि केस खाली करून टांगा, म्हणजे मुळाशी पाणी साचून तो कुजणार नाही. चिनी मातीचा मग धुऊन उपडा घाला. पितळ काळवंडलं असेल तर चिंचेचा कोळ लावा, नारळाच्या शेंडीने घासा, लगेच कोरडं करा. बाहेरून लख्ख करताना काठावरचं नाव झिजेल इतकं घासू नका. केसभर तडा गेलेला मग पाण्यासाठी वापरू नका; त्यात ब्रश उभा ठेवा, तेही कामच आहे.

तुमचा मग जुन्या घडणीचा पण नवा असेल, तर तो खोटा आहे असं मनात आणू नका. जुनेपण कपाटात बसून येत नाही, वापरून येतं. आपल्या शकुंतला रेल्वेचंच पाहा. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत राबलं. दारव्हा मोतीबाग स्थानकावरून मूर्तिजापूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्यांनी त्याचा धूर डोळ्यांत घेतला, वऱ्हाडचा कापूस त्या अरुंद रुळांवरून गेला. त्या इंजिनाबद्दल माणसं आजही जिव्हाळ्याने बोलतात, कारण सत्तर वर्षं ते रोज कामावर आलं. मगाचंही तसंच. आज तुम्ही त्यात पहिला फेस केलात, त्या दिवसापासून त्याचं वय मोजायला लागा. काचेच्या कपाटात दहा मग ठेवण्यापेक्षा दोन मग आलटूनपालटून वापरा. मुलाला मिसरूड फुटेल तेव्हा त्यातला एक त्याला द्या, आणि देताना पाणी किती, साबण किती, हात कसा हलका ठेवायचा हे जवळ बसून शिकवा. नुसतं भांडं दिलं तर ते पुढे मोडीत जाईल. भांड्यासोबत हाताची रीत दिली तर टिकेल.

शेवटचा टप्पा घरात करायचा नाही. पुढच्या वेळी केस कापायला सलूनमध्ये जाल तेव्हा तिथल्या दादांशी दोन शब्द बोला. त्यांचं नाव माहीत नसेल तर विचारा. कुणाच्या हाताखाली शिकलात, हेही विचारा. त्यांच्या बोटांकडे बघा: कातडी कुठे ताणतात, कुठे सैल सोडतात, पातं कधी बदलतात. आज सकाळी जे तुम्हाला एका चेहऱ्यावर जमवताना एवढं लक्ष द्यावं लागलं, ते हे गृहस्थ दिवसभर, अनोळखी गळ्यांवर, उभ्याने करतात. पैसे देताना डोळ्यांत बघून द्या, आणि सुट्टे परत मागण्याआधी क्षणभर विचार करा. दाढीचा मग जपणाऱ्या माणसाने आधी हे जपावं, कारण त्या मगातली प्रत्येक रीत त्याच हातांनी आपल्यापर्यंत पोचवली आहे.